हॅपी अवर्स आणि मागचा नळ

उन्हाळा लागला की नांदेडात दोन बोर्ड रस्त्यावर येतात, रसवंतीचा आणि हॅपी अवर्सचा. रसवंतीचा बोर्ड दरसाल तोच, ऊनपावसानं उडालेला. हॅपी अवर्सचा फ्लेक्स मात्र दरसाल कोरा करकरीत. काल विष्णुपुरीहून परत येताना ऑटो सिग्नलला थांबला आणि समोर तो दिसला. दुपारी चार ते सात, एकावर एक फ्री. खाली बारीक अक्षरांत, बर्फ आणि थंड पाणी मोफत. शेजारच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मी मनातल्या मनात गुण द्यायला लागले. बर्फाला दोन. पाणी न मागता मिळत असेल तर आणखी दोन. दारासमोर मोटारसायकली आडव्यातिडव्या, एक वजा.

मी दारू पीत नाही. कधी प्यायले नाही. पण लातूर-नांदेडच्या बारना गुण द्यायची ही सवय मला एका उन्हाळ्यात लागली ती सुटत नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा.

तेव्हा मी पत्रकं लिहायचे. आमच्या महिला समितीची, पाण्याची, रेशनची, कशाचीही. पत्रकाला एक शिस्त असते. वाक्य छोटं, शत्रू एक, मागण्या पाच, शेवटी छापखान्याचं नाव. शत्रू दोन झाले की पत्रक बिघडलं म्हणून समजा. त्या उन्हाळ्यात माझी सगळी पत्रकं बिघडत होती. पाणी नाही याला जबाबदार कोण, म्हणून लिहायला बसावं तर एका पानावर सरकार, ऊस, बोअरवाले, टँकरवाले आणि आभाळ इतके सगळे दाटीवाटीनं उभे राहायचे. त्यामुळे समितीनं दारूबंदीचा विषय घेतला तेव्हा मला हायसं वाटलं. निदान इथं शत्रू बाटलीतच बसलेला आहे असं वाटलं.

आपल्याकडे बायकांना एक हक्क आहे. वॉर्डातल्या पुरेशा बायकांनी सह्या करून मागणी केली, की दारूच्या दुकानावर मतदान घ्यावं लागतं. मत फक्त बायकांचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी बाटली आडवी केली की शटर कायमचं खाली. लिहिण्यावाचण्याची गरज नाही, भाषणाची नाही, नवऱ्याच्या परवानगीची नाही. मला तर हा कायदा कुणी बाईनंच लिहिला असावा असं वाटतं.

विहारात सभा झाली. कोणत्या बारवर मतदान मागायचं यावरून प्रत्येक बाईनं आपापल्या नवऱ्याच्या बारचं नाव घेतलं. मी म्हणाले, असं नको. आधी पाहणी करू, प्रत्येक बारला गुण देऊ, सगळ्यांत वाईट ठरेल त्याला आडवा करू. पाहणी हॅपी अवर्समध्ये करू, कारण तेव्हाच गर्दी, तेव्हाच दंगा, आणि नळावर बायका उन्हात उभ्या असतात त्याच वेळी आत बर्फ फिरत असतो. टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, आत जाणार कोण? टाळ्या थांबल्या.

माझी आत्या म्हणाली, "आमचे हे जातील की. त्यांना रस्ता दाखवायची गरज न्हाई."

सगळ्या हसल्या. आत्या हसली नाही.

मी तेव्हा आत्याकडेच राहायला होते. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण, आणि तिचा नवरा म्हणजे आमचे मामा. मामा पाटबंधारे खात्यात होते, कालव्यावर. कालव्यात पाणी नाही म्हटल्यावर मामांना काम नव्हतं. घरात पाणी नाही म्हटल्यावर आत्याला कामच काम होतं. दुपारी चार वाजले की दोघंही घराबाहेर पडायची, मामा हात हलवत आणि आत्या दोन घागरी घेऊन. मामा प्यायचे, पण आरडाओरडा नाही, मारहाण नाही. बाकीच्या बायका आत्याला म्हणायच्या, तुझं तरी बरं आहे. ते ऐकलं की आत्याचा चेहरा कडू व्हायचा. मतदानाच्या मागणीत पहिली सही तिचीच असणार होती.

मामा मला पुढारी म्हणायचे. "चला पुढारी, ड्युटीवर," म्हणून चप्पल घालायचे. फॅमिली रूम नावाच्या, पडदा लावलेल्या, कोंबडीच्या वासाच्या कोनाड्यात आम्ही दोघं बसायचो. मी लिंबू सोडा मागवायचे, मामा एक बिअर. वेटर माझ्याकडे बघायचा नाही, भिंतीकडे बघून ऑर्डर घ्यायचा. बहुतेक त्याला मी मामांना पकडायला आलेली मुलगी वाटायचे, आणि काही बारमध्ये त्याहून वाईट काही वाटत असेल. मी मान ताठ ठेवून बसायचे. गुण द्यायला बसलेल्या माणसानं मान ताठ ठेवावी लागते.

माझे रकाने असे होते. पाण्याची उधळपट्टी, बाहेरच्या बायकांना त्रास, आतला आरडाओरडा, लहान मुलं कामाला आहेत का. मामांचे रकाने वेगळे होते. फुटाणे ताजे आहेत का. पंख्याचा वारा टेबलापर्यंत पोचतो का. वेटर ग्लास रिकामा व्हायच्या आधी डोक्यावर येऊन उभा राहतो का. "माणसाला बसू देत न्हाईत, लई वाईट बार," असा त्यांचा शेरा. मी म्हणायचे, मामा, आपण वाईट काय ते बघायला आलो आहोत. ते म्हणायचे, तेच तर सांगून राहिलो.

त्या उन्हाळ्यातलं लातूर बारमध्ये बसून जसं दिसलं तसं मला सभेत कधी दिसलं नाही. वेटर विचारायचा, सोडा चालेल का, पाण्याला टाइम लागेल. ग्लास विसळायला पाणी नाही म्हणून लग्नातले कागदी ग्लास आले होते, त्यांवर गुलाबाची फुलं. बेसिनच्या नळाला फडकं बांधलेलं. पिणाऱ्यांचे हात शेवेनं पिवळे, ते तसेच पँटला पुसले जात. हॅपी अवर्स म्हणून एकावर एक फ्री बाटली येत होती आणि पाण्याचा ग्लास मात्र मोजून मिळत होता. मी पत्रकासाठी वाक्य जुळवत होते, 'इथं दारू फुकट आहे आणि पाणी महाग', आणि ते वाक्य इतकं चांगलं जुळलं की मला त्याचा संशयच आला. चांगली वाक्यं पत्रकात शोभतात. समोर गुलाबाच्या ग्लासातून बिअर पिणारा कालव्यावरचा माणूस बसला असेल तर ती जरा ओशाळतात.

एकदा समितीच्या कामासाठी नांदेडला जायचं होतं. मामा बरोबर आले, म्हणाले तिथलेही गुण घेऊ. विष्णुपुरीजवळच्या केळी अजून हिरव्या होत्या, ते हिरवं बघायला बसमधले लातूरचे लोक खिडकीकडे सरकले. नांदेडच्या बारमध्ये वेटरनं न विचारता पाण्याचा जग ठेवला आणि बर्फाचं भांडं ठेवलं. मामांनी एक खडा उचलून तळहातावर धरला. तो वितळून कोपरापर्यंत ओघळला तरी त्यांनी हात पुसला नाही. आम्ही उठलो तेव्हा वेटरनं उरलेला बर्फ दाराजवळच्या कुंडीत उलटा केला. मी रागानं 'उधळपट्टी' लिहिलं. रस्त्यावर आल्यावर मामा म्हणाले, कुंडीतलं झाड तगेल बघ. आणि थोड्या वेळानं, "हे आत्याला सांगू नको."

काय सांगू नको ते मला कळलं नाही. बर्फ, कुंडी, की त्यांचा चेहरा.

आणि जिल्हा. त्या वर्षी प्रत्येक बारमध्ये उदगीर जिल्हा होत होता. ही मागणी जुनीच, पण दुष्काळात तिला नवी पालवी फुटली होती. जिल्हा झाला की कलेक्टर येईल, कलेक्टर आला की निधी येईल, निधी आला की पाणी. मी स्वतः असं पत्रक लिहिलं होतं, मागण्या पाच. एका दुपारी शेजारच्या टेबलावर एका गृहस्थांनी सांडलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून टेबलावर नवा जिल्हा काढला. इथं उदगीर, इथं देवणी, इथं जळकोट. दुसऱ्यानं विचारलं, शिरूर अनंतपाळ कुठं? माझं गाव त्याच तालुक्यातलं, म्हणून मी पडद्याआडून कान दिला. पहिल्यानं ते आधी आत घेतलं, मग बोटानं रेघ मागं ओढून बाहेर ठेवलं. वाद सुरू झाला. वाद संपेपर्यंत पंख्याच्या वाऱ्यानं अख्खा जिल्हा वाळून गेला. मी नंतर बराच वेळ विचार करत होते की मी आता कुठली. मामा म्हणाले, पुढारी, तुझं गाव वाळलं.

असं करत करत आम्ही शेवटी आत्याच्या गल्लीतल्या बारवर आलो. मामांचा स्वतःचा बार. मालक अप्पा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग. त्यांनी जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता आणि वासही सहन होत नाही म्हणून काउंटरवर उदबत्ती लावायचे. त्यांच्या बोअरला पाणी होतं. शेजारपाजारच्या बोअर फुफाटा सोडत होत्या आणि अप्पांच्या बोअरला पाणी होतं, यात अप्पांची काही कर्तबगारी नव्हती, जमिनीची लहर. पण अप्पांनी मागच्या भिंतीतून एक नळ बाहेर काढला होता आणि चार ते सात तो गल्लीला सोडला होता. मोटारीचं बटण काउंटरच्या मागं, म्हणून वेळ बारची. माणशी दोन घागरी. मी म्हणाले, हा पुण्य करत नाही, विमा उतरवतो आहे, उद्या लोकांनी दगड मारू नयेत म्हणून. मामा म्हणाले असेल, पण पाणी विम्याचं आहे म्हणून घागर गळत नाही.

तिथं मला फॅमिली रूम मिळाली नाही. अप्पांनी आम्हाला मामांच्या नेहमीच्या टेबलावर बसवलं, कूलरशेजारी. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसायचं, दारातून मागचं अंगण, अंगणात नळ आणि बायकांची रांग. पुढच्या दारानं मामा आलेले, मागच्या दारानं आत्या आलेली. दोघांच्या मध्ये एक तळणीची कढई. आत्यानं एकदा आमच्याकडे बघितलं आणि नजर नळाकडे वळवली, जशी अनोळखी बाई वळवते.

फुटाणे ताजे होते. आरडाओरडा नव्हता. टेबलावर सांडलं की अप्पा स्वतः फडकं घेऊन यायचे. दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली. बाकीच्या बारमध्ये मामांना उठवणं म्हणजे रुतलेली गाडी काढणं. बायपासवरच्या बारमध्ये मला तीनतीनदा 'चला मामा' म्हणावं लागलं होतं. इथं कुणी काही न म्हणता, अर्धा ग्लास तसाच ठेवून, मामा आपणहून उठले. मी विचारलं तर म्हणाले, "इथं वेळेवर उठणं होतं बाई. ह्याला दहापैकी दहा दे." मी नवा रकाना पाडला, 'ग्राहक वेळेवर उठतात', आणि अप्पांच्या बारला पैकीच्या पैकी गुण दिले.

मग बेरीज झाली आणि माझी पंचाईत झाली. सगळ्यांत वाईट बार बायपासवरचा. तिथं आजूबाजूला गॅरेज आणि गोदामं, मत द्यायला बायकाच नाहीत. सगळ्यांत चांगला बार अप्पांचा. आणि आमच्या बायका फक्त त्याच वॉर्डात होत्या. म्हणजे मतदान मागायचं तर ज्याला मी पहिला नंबर दिला त्याच्याविरुद्ध. मी सभेत उभी राहून म्हणाले की हे न्यायाचं नाही. हा बार गल्लीला पाणी देतो, दंगा करत नाही, पाहणीत पहिला आहे. मग पाहणी कशाला केली?

आत्या खालीच बसून होती. बसूनच बोलली.

"वाईट असता तर आमचा माणूस चार दिवसांत उठून घरी आला असता. चांगला हाय म्हणून तर बसतो. तू गुण कशाला देऊन राहिली? त्याला घरी बसावं वाटत न्हाई, आन तिथं बसावं वाटतं. ह्याचा रकाना हाय का तुझ्याकडं?"

नव्हता. मला राग आला, आणि तो कुणावर ते आजही नक्की सांगता येत नाही. आत्याची सही पहिली झाली. त्याच दुपारी ती अप्पांच्या नळावर दोन घागरी घेऊन उभी होती. अप्पांना सही कळली होती. गल्लीत असल्या गोष्टी पाण्याआधी पोचतात. त्यांनी नळ बंद केला नाही. तेव्हा मी पत्रकात लिहिलं की मतांसाठी पाण्याची लालूच दाखवली जात आहे. सगळ्यांना पत्रक आवडलं. वाक्य छोटं होतं, शत्रू एक होता.

मतदानाच्या दिवशी बार बंद ठेवावाच लागतो. शटर खाली, कुलूप. बटण आत. अप्पांनी निरोप पाठवला की आज पाणी सोडलं तर लालूच म्हणतील, पत्रकात तसं आलं आहे, तेव्हा आज नको. चार वाजता सवयीनं बायका मागच्या भिंतीपाशी आल्या आणि कोरड्या नळाकडे बघत उभ्या राहिल्या. काहींनी मत दिलं होतं, काहींचं राहिलं होतं. मतदान होतं त्या शाळेच्या दारात मी उभी राहून हात जोडत होते आणि रिकाम्या घागरी काखेत घेऊन माझ्यासमोरून बायका जात होत्या, कुणी शाळेत, कुणी सरळ घरी.

आत्याचं मत राहिलं होतं. मी तिला आणायला घरी गेले. मामा उंबऱ्यात बसले होते. चार ते सातच्या मध्ये त्यांना उंबऱ्यात मी तेव्हाच पाहिलं. ते शेंगा सोलत होते, आत्या आत होती, आणि दोघं बोलत होती. भांडण नव्हतं. कालव्यावर पूर्वी पाणी सुटायचं तेव्हा मासे कसे उलटे चढायचे, असलं काहीतरी मामा सांगत होते आणि आत्या आतून 'हाव?' म्हणत होती. मधेच ते उठले, सायकलला घागर बांधली आणि कुठूनसं अर्धी घागर पाणी घेऊन आले, बाकी वाटेत हिंदकळून गेलं होतं. आत्या त्या अर्ध्या घागरीकडे बघत राहिली, मग मामांच्या भिजलेल्या पँटकडे. नवरा घरी होता आणि पाणी नव्हतं. मी म्हणाले, आत्या, शाळा बंद होईल. तिनं पदर खोचला आणि निघाली.

शिक्का मारून आली. मी विचारू नये ते विचारलं.

"दोन्हींवर मारला," आत्या म्हणाली.

"आत्या, बाद झालं की मत."

"होऊ दे. माझं तेच हाय."

निम्म्याहून जास्त बायका काही आडव्या बाटलीवर आल्या नाहीत. बाद मतं बरीच निघाली. समितीत सगळ्या म्हणाल्या, बायकांना नीट समजावून सांगितलं नाही, पुढच्या वेळी प्रात्यक्षिक घेऊ. मी मान हलवली. सांगून काय सांगणार होते? दुसऱ्या दिवशी चार वाजता शटर वर गेलं, उदबत्ती लागली, पुढच्या दारानं मामा गेले, मागच्या दारानं आत्या. अप्पांनी मोटारीचं बटण दाबलं.

उदगीरचा जिल्हा अजून टेबलावरच आहे. लातूरला पुढं पाऊस झाला. मी नांदेडला नोकरीला लागले, पत्रकं कमी झाली. बाहेर फ्लेक्स दिसला की मी गुण देते आणि मग स्वतःवरच वैतागते, कारण अजून मला ठाऊक नाही मी बार मोजत होते की काय मोजत होते.

काल सिग्नल सुटला आणि मी ऑटोतूनच आत्याला फोन लावला. खूप वेळानं उचलला. मागं बायकांचा गलका होता. म्हणाली, नळावर आले, लवकर बोल. मी विचारलं, घरी नळाला पाणी येत नाही का? येतं की, म्हणाली, वरची टाकी भरून आहे, चिंता नको. मग अप्पांच्या नळावर कशाला उभी आहेस या उन्हात? तर हसली.

"मी दोन्ही घागरी भरून उचलल्याबिगर ह्यो उठतोय व्हय?"

मला 'ग्राहक वेळेवर उठतात' हा रकाना आठवला. पैकीच्या पैकी. मी ते गुण अप्पांना दिले होते.

आणि मग संताप आला, जुना, पत्रकातला. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या बाईनं घरात पाणी असताना रोज उन्हात घागरी वाहायच्या, कशासाठी, तर नवऱ्याला घड्याळ म्हणून? ह्याच्यावर पत्रक निघालं पाहिजे. मी ते ऑटोतच जुळवायला लागले. पहिलं वाक्य छोटं. शत्रू एक. मामा? ते तर उठतात. अप्पा? त्यांनी नळ चालू ठेवला आहे. आत्या? आत्याला मी काय म्हणू?

फोन कानाला तसाच होता. पाणी पडत होतं, त्याचा आवाज भरत भरत बारीक झाला. मग घागर उचलताना नळावर आपटल्याचा खणकन आवाज आला, आणि मागं, कढईच्याही पलीकडं कुठंतरी, एक खुर्ची सरकली.